पुन्हा एकदा कुंभकोणम्

प्रवासाहून परतलेल्या गृहस्थास शेजारीपाजारी पहिला प्रश्न विचारतात तो हा, की "नवीन काय पाहिलेत?" पूर्वी पाहिलेलेच गाव पुन्हा पाहून आलो, असे त्याने सांगितले तर ऐकणाऱ्यास थोडे नवल वाटते, रजा आणि पैसा दोन्ही वाया गेली, असेही कोणी मनातल्या मनात म्हणते. परंतु वाचकहो, ग्रंथाच्या बाबतीत आपण असा हिशेब करीत नाही. ज्ञानेश्वरी एकदा वाचून झाली म्हणून ती कोणी फडताळात कायमची बंद करून ठेवीत नाही. पंढरीचा वारकरी तर वर्षानुवर्षे त्याच वाटेने, त्याच मुक्कामांवरून जातो. मुक्काम तेच असतात, पण जाणारा दरवर्षी थोडा बदललेला असतो. म्हणून त्यास ती वाट कधी जुनी होत नाही. सहकुटुंब प्रवासाचाही असा विचार करून पाहावा, असे ह्या वेळी सुचवावयाचे आहे.

अलीकडे आपल्याकडे फिरत्या घरांची, म्हणजे कॅराव्हॅनची, बरीच चर्चा आहे. निजण्याची सोय, लहानसे स्वयंपाकघर, पाण्याची टाकी आणि न्हाणीघर हे सारे एकाच मोटारीत बसविलेले असते. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि त्याच वर्षी केरळानेही तेच पाऊल उचलले. ज्या कुटुंबात वृद्ध आईवडील आणि लहान मुले दोन्ही आहेत, त्यास अशी गाडी भाड्याने घेऊन जाणे सोयीचे पडते. आजीला वाटेल तेव्हा पाठ टेकता येते, तान्ह्यास वेळेवर गरम दूध मिळते आणि गाडीच्या वेळापत्रकामागे धावावे लागत नाही. जेथे मन रमेल तेथे थांबता येते, हा तिचा सर्वांत मोठा गुण.

पण ह्याच गुणात एक दोषही लपलेला आहे. जेवण आपले, अंथरूण आपले, पाणीही आपलेच. मग वाटेतल्या गावाशी बोलावयाचे ते कशासाठी? खिडकीतून देऊळ पाहावे, छायाचित्र घ्यावे आणि पुढे निघावे, असा प्रवास फिरत्या घरातून फार सहज घडतो. हजार मैल जाऊनही माणूस अशा वेळी घराबाहेर पडलेला नसतो.

तमिळनाडूतील कुंभकोणम् हे गाव ह्या दृष्टीने विचार करण्यासारखे आहे. कावेरी आणि अरसलार ह्या दोन नद्यांच्या मध्ये वसलेले, तंजावरपासून सुमारे ४० किलोमीटरवर असलेले हे देवळांचे नगर. आजवर तंजावरहून येणारा प्रवासी अय्यमपेट्टै, पापनाशम्, दारासुरम् अशी गावे ओलांडीत, भातखाचरांच्या कडेने येत असे. आता विक्रवंडी–तंजावर असा चौपदरी महामार्ग झाला आहे. त्यातील सेत्तियातोप ते चोळपुरम् हा सुमारे ५० किलोमीटरचा टप्पा जुलै २०२५ मध्ये राष्ट्रास अर्पण करण्यात आला. रस्ता उत्तम आहे. वेळ वाचतो, अपघात टळतात, भाजी आणि भात लवकर बाजारात पोहोचतात. त्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. मात्र हा रस्ता गावास वळसा घालून जातो. पूर्वी कुंभकोणम् वाटेत लागत असे. आता तेथे मुद्दाम वळून जावे लागते. वाटेवरच्या गावाचा चरितार्थ थांबणाऱ्यांवर चालतो. मूर्तिकार, कॉफीवाला, विड्याची पाने विकणारी बाई ह्या साऱ्यांचे पोट वळून येणाऱ्या पाहुण्यावर अवलंबून आहे. म्हणून वळावे की न वळावे, हा प्रश्न वाटतो तितका लहान नाही.

मराठी माणसास तर येथे वळण्याचे आणखी एक कारण आहे. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे ह्यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरास राज्य स्थापिले आणि १८५५ पर्यंत भोसल्यांचे हे घराणे तेथे नांदले. ह्या राजांनी प्रदेशातील रस्त्यांवर, विशेषतः रामेश्वराच्या यात्रामार्गावर, जागोजागी छत्रे बांधिली. छत्र म्हणजे वाटसरूंचे विश्रामस्थान व अन्नछत्र. बहुतेक छत्रांना राजघराण्यातील स्त्रियांची नावे दिलेली आहेत. ओरत्तनाडू येथील मुक्तांबा छत्र आणि नीडामंगलम् येथील यमुनांबा छत्र ही त्यांतली प्रसिद्ध होत.

कंपनी सरकारने राज्यकारभार हाती घेतल्यानंतर ही छत्रे तरी आपल्याकडे राहू द्यावीत, म्हणून सरफोजीराजांनी (दुसरे) १८०१ साली इंग्रज रेसिडेंटास एक सविस्तर पत्र लिहिले. त्यातील माहिती आजही वाचनीय आहे. ब्राह्मणापासून अगदी खालच्या मानलेल्या जातीपर्यंत जो कोणी वाटसरू येईल, त्यास शिजवलेला भात मिळे. शिजवलेले चालत नसेल त्यास शिधा दिला जाई. अन्नदान मध्यरात्रीपर्यंत चाले. मग घंटा वाजवून पुकारा होई, की अजून कोणी उपाशी राहिले असेल तर त्याने यावे. आजारी वाटसरूवर वैद्याकडून उपचार होत, तान्ह्या मुलांस दूध मिळे, अनाथ मुलांच्या शिक्षणाची तजवीज असे आणि जो वाटेतच मरण पावे त्याचे अंत्यसंस्कारही रीतीप्रमाणे केले जात. छत्रांचा हा पसारा राजाने आपल्या वैभवाचे प्रदर्शन म्हणून सांगितला नव्हता. राज्य गेले तरी चालेल, पण वाटसरू उपाशी जाता कामा नये, अशी ती विनंती होती.

ह्याच सरफोजीराजांनी १८२० साली काशीयात्रेस प्रस्थान ठेविले, तेव्हा त्यांच्याबरोबर सुमारे तीन हजार माणसे होती. तंबू, मुदपाकखाना, वैद्य असा सारा संसार बरोबर घेऊन हे फिरते घर दक्षिणेतून उत्तरेस गेले. तेव्हा घर बरोबर घेऊन हिंडण्याची कल्पना आपल्याला सर्वस्वी नवी आहे, असे मानण्याचे कारण नाही. असो.

आता प्रत्यक्ष गावाकडे वळू. पहिल्या खेपेस आपण कुंभकोणम् येथे बहुधा घाईघाईने आठदहा देवळे पाहिलेली असतात आणि घरी आल्यावर कोणते गोपूर कोणाचे ह्याचा घोटाळा होतो. दुसऱ्या खेपेस यादी लहान ठेवावी. आदिकुंभेश्वर, शार्ङ्गपाणि, नागेश्वर, रामस्वामी ह्यांपैकी एकदोन देवळे सावकाश पाहावीत; बाकीची राहिली तर राहू द्यावीत.

गावातील महामहम् तलाव मात्र चुकवू नये. सुमारे सहा एकरांच्या ह्या तलावाभोवती लहान लहान १६ मंडप आहेत. त्यांचे श्रेय तंजावरच्या नायक राजांचे मंत्री गोविंद दीक्षित ह्यांना दिले जाते. दर बारा वर्षांनी, गुरू सिंह राशीत असताना, माघ महिन्यात मघा नक्षत्राच्या दिवशी येथे स्नानाचे महापर्व असते. गुरू सिंह राशीत आला म्हणजे नाशिक-त्र्यंबकेश्वरास सिंहस्थ भरतो, हे आपणांस ठाऊक आहेच. एकाच ग्रहाच्या एकाच राशिप्रवेशाने गोदातीर आणि कावेरीतीर दोन्ही जागे होतात! मागील महामहम् २०१६ साली झाले. पुढील २०२८ साली यावयाचे आहे. तलावाशेजारच्या काशीविश्वनाथाच्या देवळात नऊ नद्या कन्यारूपाने उभ्या आहेत. त्यांत गंगायमुनांबरोबर आपली गोदावरी आणि कृष्णाही आहे. मुलांना त्या ओळखावयास सांगावे. पर्वाच्या दिवशी मात्र वृद्धांस आणि मुलांस घेऊन गर्दीत शिरू नये. १९९२ च्या महामहम् पर्वात चेंगराचेंगरी होऊन कित्येकांचे प्राण गेले, हे विसरता येत नाही.

गावाच्या पश्चिमेस तीनचार किलोमीटरवर दारासुरम् आहे. दुसरा राजराज चोळ ह्याने बाराव्या शतकात बांधिलेले ऐरावतेश्वराचे देऊळ २००४ साली जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाले. पहिल्या भेटीत येथे डोळ्यांत भरतो तो चाके आणि घोडे असलेला दगडी रथमंडप. एकाच मस्तकाचे बैल आणि हत्ती कोरलेले शिल्पही मार्गदर्शक हटकून दाखवितो. एक बाजू हाताने झाकली की हत्ती, दुसरी झाकली की बैल. मुले ह्यावर खूष असतात.

दुसऱ्या भेटीत ह्याहून निराळ्या गोष्टीकडे पाहावे. मुख्य गाभाऱ्याच्या बाहेरील भिंतीच्या पायथ्याशी वीतभर उंचीच्या शिल्पांची एक लांबलचक पट्टी आहे. खाली वाकल्याशिवाय ती नीट दिसत नाही, म्हणून घाईतल्या प्रवाशाच्या नजरेतून ती निसटते. तमिळ शैव संतांच्या, म्हणजे त्रेसष्ट नायन्मारांच्या, कथा तीत कोरलेल्या आहेत. ह्या संतांचे चरित्र सांगणारा 'पेरियपुराणम्' हा ग्रंथ सेक्किळार ह्या कवीने बाराव्या शतकातच रचिला. म्हणजे ग्रंथ तयार झाल्यावर एका पिढीच्या आत त्यातील कथा दगडात उतरल्या. आपल्याकडे महिपतींनी 'भक्तविजय' लिहिला आणि संतांची चरित्रे घरोघर पोहोचली. येथे ते काम छिन्नीने केले, असे म्हणता येईल.

ह्या त्रेसष्टांत राजे आहेत, कुंभार आहेत, कोळी आहेत. शिवाच्या डोळ्यांतून रक्त वाहते असे पाहून स्वतःचा डोळा काढून वाहणारा कण्णप्प हा शिकारी आहे. आणि देवळात प्रवेश नसल्यामुळे बाहेर उभा राहून दर्शनासाठी तळमळणारा नंदनारही आहे. त्याच्यासाठी वाटेत बसलेला नंदी बाजूला सरकला, अशी कथा सांगतात. ती ऐकताना मराठी वाचकास महाद्वाराबाहेर उभा असलेला चोखोबा आठवल्यावाचून राहणार नाही. दोघांची भाषा वेगळी, देव वेगळा, दुःख मात्र एकच. मुलांना ही कथा तेथेच, त्या भिंतीपाशी बसून सांगावी. पुस्तकातील दहा धडे जे करू शकत नाहीत, ते अशी एक गोष्ट करते.

दारासुरम् येथे रेशमी वस्त्रे विणणाऱ्यांची वस्तीही आहे. ह्या विणकरांपैकी अनेकांची मातृभाषा सौराष्ट्री. गुजरातेकडून शतकांपूर्वी निघालेल्या ह्या समाजाच्या बोलीत मराठीशी जुळणारे कितीतरी शब्द आहेत. मागाचा खटखटाट ऐकू आला आणि घरच्यांनी बोलाविले, तर गृहिणींनी क्षणभर आत डोकावून यावे. पातळ विकत घेतलेच पाहिजे असे नाही; पण एका साडीमागे किती दिवस आणि किती हात लागतात हे कळले, म्हणजे किमतीविषयीची आपली घासाघीस थोडी नरम होते.

तेथून पुढे थोड्या अंतरावर स्वामिमलै आहे. मुरुगनाच्या सहा प्रमुख क्षेत्रांपैकी हे एक. वर जाण्यास ६० पायऱ्या आहेत. साठ संवत्सरांच्या त्या प्रतीक मानल्या जातात. परंतु गावाची दुसरी कीर्ती धातूच्या मूर्तींविषयी आहे. येथील स्थपतींची घराणी पिढ्यान्‌पिढ्या पंचलोहाच्या मूर्ती ओतीत आली आहेत. कित्येक कारखाने रस्त्यालगतच आहेत आणि विनंती केल्यास पाहूही देतात. पहिल्या भेटीत आपण दुकानातील तयार नटराज पाहून परतलेले असतो. दुसऱ्या वेळी मागील अंगणात जावे.

मूर्तिकार प्रथम नारळाच्या झावळीची एक पट्टी मूर्तीच्या उंचीएवढी कापतो आणि शास्त्रात सांगितल्याप्रमाणे तिला घड्या घालतो. ह्या घड्या म्हणजेच त्याचे मोजमाप. चेहरा किती, धड किती, पाय किती ते त्यावरून ठरते. मग मेण, राळ आणि तेल ह्यांच्या मिश्रणाची मूर्ती घडविली जाते. तिच्यावर कावेरीच्या काठच्या बारीक गाळमातीचे लेप एकावर एक चढवितात आणि ते सावलीत वाळवितात. साचा तापविला की मेण वितळून बाहेर पडते व आत मूर्तीच्या आकाराची पोकळी राहते. तीत वितळलेला धातू ओततात. मुख्यतः तांबे, जोडीला पितळ व शिसे आणि नाममात्र सोनेचांदी. धातू निवाला की मातीचा साचा फोडतात. त्यानंतर छिन्नी-कानशीचे नाजूक काम आठवडेच्या आठवडे चालते. साचा दर वेळी फुटतो आणि मेणही दर वेळी वाहून जाते, म्हणून ह्या रीतीने केलेल्या दोन मूर्ती कधीही तंतोतंत सारख्या होत नाहीत. बाजारात यंत्राने केलेल्या स्वस्त मूर्तींचे ढीग असतात. दोहोंतला फरक मुलांनी डोळ्यांनी पाहिला, तर ते आयुष्यभर हस्तकलेची पारख विसरणार नाहीत. लहानशी मूर्ती घेणे परवडत असेल तर येथेच घ्यावी. ज्या हातांनी ती घडविली त्यांच्या हातात पैसे पडतात, हे समाधानही लहान नाही.

विद्यार्थ्यांसाठी गावात एक तीर्थ निराळेच आहे. शार्ङ्गपाणि देवळासमोरच्या रस्त्यावर थोर गणिती श्रीनिवास रामानुजन् ह्यांचे लहानसे कौलारू घर आहे. त्यांचा जन्म १८८७ साली इरोड येथे झाला, पण बालपण आणि शिक्षण कुंभकोणम् येथे. वडील कापडाच्या दुकानात कारकून होते. गणिताच्या नादात इतर विषयांकडे दुर्लक्ष झाल्यामुळे येथील महाविद्यालयातील शिष्यवृत्ती त्यांना गमवावी लागली. हे घर आता शास्त्र विद्यापीठाने जतन केले आहे. रस्त्याकडे उघडणाऱ्या खिडकीपाशी बसून तो मुलगा पाटीवर आकडेमोड करीत असे, असे सांगतात. घर दहा मिनिटांत पाहून होते, पण दहावी-बारावीतल्या मुलामुलींस त्यात दहा वर्षे पुरेल इतके सापडते.

आता भोजनाविषयी. आमची एक आग्रहाची सूचना आहे: कुंभकोणम् येथे असेपर्यंत गाडीतील शेगडी पेटवू नये. सकाळी इडली किंवा डोशाबरोबर येथील 'कडप्पा' मागवावा. बटाटा आणि मुगाची डाळ ह्यांत खोबरे, बडीशेप, खसखस वाटून घातलेला हा दाटसर पदार्थ कुंभकोणम्-तंजावरची खासियत आहे आणि सुगरणीस तो एका चाखण्यात उलगडतो. त्यानंतर पितळी पेला-वाटीतील डिग्री कॉफी. ह्या नावाच्या पाट्या चेन्नई-त्रिची रस्त्यावर शेकडो किलोमीटर दूरही दिसतात. दुधाची शुद्धता मापकाने पाहत असत, त्यावरून 'डिग्री' हे नाव पडले, असे कोणी म्हणतात. चिकोरीचा तो अपभ्रंश आहे असे दुसरे सांगतात. वादाचा निकाल कसाही लागो. ताजे दूध आणि ताजा काढा ह्यांची ती करामत आहे. जेवणानंतर येथील विड्याचे पान खाऊन पाहावे. कुंभकोणम्‌च्या पानास २०२५ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

वेळ उरल्यास मायिलाडुतुरैच्या रस्त्याने आठदहा किलोमीटरवरील तिरुविडैमरुदूर येथे जावे. तंजावरची गादी गेलेले अमरसिंह राजे आपल्या अखेरच्या दिवसांत येथे राहिले. महालिंगस्वामीच्या देवळात दोन्ही हातांत दिवा धरून उभी असलेली एका स्त्रीची धातूची मूर्ती आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तंजावरच्या मराठा राजघराण्यातील एका कन्येने मनासारखा पती मिळावा म्हणून लक्ष दीपांचा नवस केला आणि तो फेडताना आपलीच प्रतिमा दीपधारिणी म्हणून देवापुढे ठेविली, अशी तिची हकीगत आहे. घरापासून इतक्या दूर आपल्याच माणसाची ओळख अशी अवचित पटते, तेव्हा दोन हात आपोआप जुळतात.

जाणाऱ्यांसाठी चार व्यावहारिक गोष्टी. पुण्याहून कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर, सेलम, त्रिची, तंजावर ह्या मार्गाने अंतर बाराशे किलोमीटरहून अधिक आहे. वृद्ध बरोबर असल्यास वाटेत किमान तीन मुक्काम धरावेत. तमिळनाडूत मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असतो, म्हणून जानेवारी-फेब्रुवारी हा काळ उत्तम. देवळे साधारणपणे दुपारी बारा-साडेबारापासून चारपर्यंत बंद असतात आणि भर दुपारी दगडी फरसबंदीवर अनवाणी पाय पोळतात. त्या वेळेत विश्रांती घ्यावी. देवळाभोवतालचे रस्ते रथांसाठी आखलेले आणि आता दुकानांनी भरलेले आहेत, म्हणून मोठी गाडी बाहेर ठेवून गावात रिक्षाने फिरावे. रात्री एखाद्या निवासगृहाच्या आवारात परवानगीने व योग्य मोबदला देऊन गाडी उभी करावी. आणि गाडीतील सांडपाणी कालव्यात किंवा शेताच्या पाटात मुळीच सोडू नये. ते पाणी कोणाच्या तरी भाताला जाणार असते.

घरातील मुलांना एक वही द्यावी. पहिल्या भेटीत काय पाहिले ते डाव्या पानावर, दुसऱ्या भेटीत काय दिसले ते उजव्या पानावर लिहावे. उजवे पान नेहमी अधिक भरते, असा अनुभव येईल. पहिल्या वेळी आपण ठिकाण पाहतो. दुसऱ्या वेळी तेथली माणसे दिसू लागतात आणि तिसऱ्या वेळी ती आपणांस ओळखू लागतात. कॉफीवाल्याने "पुन्हा आलात?" असे हसून विचारले, म्हणजे समजावे की ह्या गावात आपले एक घर झाले.

छत्रांतील मध्यरात्रीची ती घंटा आता वाजत नाही. महामार्गावर कोणी हाक मारून थांबवीतही नाही. वळणावरची पाटी तेवढी असते. ती दिसली की गाडी हळू करावी.